कौशल्याबाईंनी न केलेलं उपोषण

“काकू, हे धान उचल अठून,” सरपंच इश्वर म्हणाला. “नागपूरहून मॅडम येऊन राहिली. मंडप टाकाचा आहे.”

समाजमंदिरापुढच्या सिमेंटच्या मैदानावर कौशल्याबाई लुगड्याचा काठ खोचून धानात पाय ओढत फिरत होत्या. चार दिवसांपूर्वी अवकाळी पावसानं मळणी झालेलं धान भिजवलं होतं. खरेदी केंद्रावरच्या मशीननं त्यात ओलावा दाखवला आणि पोती आल्या पावली परत आली. त्यानंतर आज पहिल्यांदा खैरटोल्यात लख्ख ऊन पडलं होतं, आणि गावात दिवसभर ऊन राहील अशी पक्की जागा ही एकच.

“कायची मॅडम?” पाय न थांबवता त्यांनी विचारलं.

“संस्थेची. ‘ऐकूया गाव’ म्हणून कार्यक्रम आहे. लोकायचं दुखणं काय, आशा काय, सारं ऐकून घेनार हायेत. गाव मजबूत कराचं आहे म्हंते.”

“मंग माहं ऐक. माहं दुखणं असं आहे का धान ओलं आहे. आन् आशा अशी आहे का सांजेपर्यंत ते सुकलं पायजे. झालं ऐकून?”

“तसं नाही ना काकू! ते मॅडमले सांगजो, माईकवर.”

“आन् मॅडम येईपर्यंत धान कुठं ठेवू? तुह्या डोक्यावर?”

इश्वर तसा वाईट नव्हता. नात्यानं पुतण्या, स्वभावानं गरीब; फक्त कार्यक्रम म्हटला की त्याला अंगात आल्यासारखं व्हायचं. त्याच्या कारकिर्दीत गावाचं ऐकून घ्यायला ही तिसरी मंडळी येत होती. पहिल्यांदा आलेल्यांनी लोकांना गोल बसवून टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. दुसऱ्यांदा आलेल्यांनी भिंतीवर कागदाचं झाड चिकटवलं आणि प्रत्येकाला आपली आशा पानावर लिहून त्या झाडाला लावायला सांगितलं. झाड गुंडाळून गाडीतून गेलं. त्या पानांचं पुढं काय झालं, हे खैरटोल्यात कोणालाच ठाऊक नव्हतं.

एवढ्यात मंडपवाला परसराम टेम्पो घेऊन आला. त्यानं इकडं तिकडं न पाहता पहिला खांब उतरवला आणि थेट धानाच्या कडेवर आपटला. मूठभर दाणे उडाले. कौशल्याबाईंनी एकदा त्या दाण्यांकडं पाहिलं, एकदा परसरामकडं. मग त्या टेम्पोपाशी गेल्या, त्यातली एक लाल प्लास्टिकची खुर्ची उचलली, ती धानाच्या बरोब्बर मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसल्या.

“टाक आता मंडप,” त्या म्हणाल्या. “माह्या डोक्यावरून टाक.”

परसरामनं खांब खाली ठेवला. “इश्वरभाऊ, आपलं काम खुर्च्या उचलाचं. खुर्चीवरच्या बाया उचलाचं नाही.”

इश्वरनं हात जोडले, घड्याळ दाखवलं, फोनवर आलेले मॅडमचे मेसेज दाखवले. काकू हलली नाही. शेवटी तो परसरामला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, “सध्या शाळेमागं टाक मंडप. ही जेवाले घरी गेली का गोळा करून टाकू धान, आन् मंडप अठी आनू. फोटोले जागा हेच चांगली आहे.”

इश्वरचा आवाज हळू म्हणजे चार घरं ऐकू जाईल एवढा. कौशल्याबाईंनी ते शब्द नीट ऐकले आणि खुर्चीवर मांडी घालून बसल्या. म्हणजे आता घरी जायची सोय उरली नाही.

ऊन चढलं. समोरच्या घराच्या कुंपणावरून त्यांची सून रुपा ओरडली, “आई! सकाळपासून चहाच्या घोटावर हाये तुमी! एक घास नाही खाल्ला! किती वेळ बसून राहान?”

“काम झाल्याबिगर उठत नाही मी!” कौशल्याबाईंनी तिथूनच उत्तर दिलं. काम म्हणजे धान सुकणं, हे रुपाला समजलं. पण नेमका त्याच वेळी कोपऱ्यावरून मोटारसायकलवर मोनू येत होता, आणि त्याला समजलं ते भलतंच.

मोनू हा शेजारच्या सिहोऱ्याचा पत्रकार. त्याचा पेपर नव्हता, चॅनल होतं, आणि चॅनल म्हणजे मोबाइल. आज तो ‘ऐकूया गाव’ची बातमी करायला निघाला होता. तिच्यात दम नाही हे त्याला वाटेतच कळून चुकलं होतं. आता समोर भर उन्हात, पिवळ्याधमक धानाच्या मधोमध, लाल खुर्चीवर एक बाई उपाशी बसलेली आणि काम झाल्याशिवाय उठत नाही म्हणणारी! त्यानं गाडी स्टँडवर लावायच्या आधी मोबाइल सुरू केला.

“नमस्कार मंडळी! आत्ताची सर्वात मोठी बातमी! खैरटोल्यात महिला शेतकऱ्याचं आमरण उपोषण!”

“कोनाचं उपोषण?” कौशल्याबाई दचकून म्हणाल्या. “मी धान राखून राहिली बाबा!”

“पाहा मंडळी, किती साधी माणसं! काकू, शासनाले तुमी काय इशारा द्यान?”

“बाजूले हो, हा इशारा. तुही सावली पडून राहिली धानावर.”

“अन्यायाची सावली!” मोनूनं कॅमेऱ्यात पाहून सांगितलं आणि तो खरोखरच बाजूला झाला.

पाऊण गाव त्या वेळी मोबाइल पाहत होतं. सगळ्यात आधी धावत आल्या सुलोचनाबाई. शेजारीण, जुनी मैत्रीण आणि आज भयंकर रागावलेल्या.

“मले सांगितलं नाही तू? सख्खी शेजारीण उपोषणाले बसते आन् मी मोबाइलवर पाहतो?”

“अवं, मी नाही बसली!”

सुलोचनाबाईंनी मैत्रिणीला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “बसली तर आहेस.”

पण सुलोचनाबाईंना फार वेळ रागावता आलं नाही, कारण त्यांच्या मनात दुसरंच काही दाटून आलं होतं. पावसाळ्यात नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, रपट्यावरून, पाणी गेलं म्हणून सकाळची बस बंद झाली. पाणी ओसरलं, रपटा मोकळा झाला, बस काही परत आली नाही. त्यांची स्वाती अकरावीला तालुक्याच्या कॉलेजात जायची. काही दिवस बापानं मोटारसायकलवर सोडलं, मग कापणी आली, आणि मग पुस्तकं फळीवर गेली. स्वाती आता घरी भाकरी थापत होती आणि आईशी धड बोलत नव्हती. तिचे बाबा एसटीच्या आगारात दोनदा जाऊन आले, तिथले साहेब ‘पाहतो’ म्हणाले. कागदाच्या झाडावर सुलोचनाबाईंनी स्वतःच्या हातानं ‘बस’ लिहून पान चिकटवलं होतं. तेही गुंडाळून गेलं.

त्या एकदम मोनूकडं वळल्या. “लिहून घे. माही मैत्रीण बससाठी बसली आहे.”

“बस... साठी... बसली!” मोनूचे डोळे चमकले. बातमीला मथळा मिळाला होता.

“सुलोचना, अवं काय सांगून राहिली तू?”

“चूप बस. तुह्या धानाचं कोनी ऐकत नाही, माह्या बसचं कोनी ऐकत नाही. दोन्ही मिळून ऐकू जाईन.” आणि त्यांनी घरून आणलेली चटई अंथरून बसकण मारली.

मग रांगच लागली. धानाची रोपं लावणाऱ्या, रोवणीच्या गटातल्या बाया आल्या. दूध घालायला सिहोऱ्याला जाणारे आले. उपोषण कशासाठी, हे विचारायची गरज कुणालाच वाटली नाही. बसवाचून अडलं नाही असं गावात कोण होतं? कुणी सतरंजी आणली, कुणी पुठ्ठ्यावर लिहून आणलं, आणि सगळे धानाभोवती दाटीवाटीनं बसले. कौशल्याबाई उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, “उपोषण करा नाही तर भजन करा, पन माह्या धानाचं ऊन अडवू नका! सारे तिकडल्या बाजूले सरका!” सगळे निमूट सरकले. मोनूनं सांगितलं की आंदोलकांमध्ये कमालीची शिस्त आहे.

इकडं शाळेमागच्या मंडपात टीना मॅडम येऊन बसल्या होत्या. समोर भरपूर खुर्च्या, रंगीत कार्डं, माईक, गुलाबाचा गुच्छ, आणि इश्वर. ऐकायला सगळी तयारी होती. बोलायला कोणी नव्हतं.

दुपार कलली तेव्हा रुपा डबा घेऊन आली. डब्यात भात, वांग्याची भाजी आणि लाखोरीच्या डाळीचे गरमागरम वडे. वास पुढं आला, रुपा मागून. कौशल्याबाईंच्या पोटात कधीची आग पडली होती. त्यांनी हात पुढं केला आणि चारी बाजूंनी एकच कालवा झाला.

“काकू, नोको!”

“अवं, तोंडाले लावू नको! सारं पान्यात जाईन!”

“मी उपोषणाले बसली नाही, किती वेळा सांगू?” कौशल्याबाई कळवळून म्हणाल्या.

“ते आमाले मालूम आहे,” सुलोचनाबाई त्यांच्या कानाशी लागल्या. “पन त्यायले मालूम नाही ना. डबा झाक वं रुपा.”

रुपानं डबा झाकला. वास मात्र झाकला गेला नाही.

तेवढ्यात कौशल्याबाईंचे यजमान बाबूलाल शेतातून आले. आपली बायको मोबाइलवर झळकल्याचं त्यांना बांधावरच समजलं होतं. ते जरा वेळ अभिमानानं उभे राहिले, मग खाली वाकून दबक्या आवाजात म्हणाले, “मी जेवू का?”

“जेवा,” कौशल्याबाई म्हणाल्या. “दोघं उपाशी राहून धान काही लवकर सुकत नाही.”

बाबूलाल डबा घेऊन समाजमंदिराच्या मागं गेले. वडा कुरकुरीत झाला असल्याचं तिथून स्पष्ट ऐकू आलं.

कौशल्याबाईंचा धीर सुटत चालला होता. धानही वरून सुकलं असणार. सुलोचनाला काय सांगायचं ते नंतर पाहू, असं ठरवून त्या उठायच्याच बेतात होत्या. तेव्हाच इश्वर टीना मॅडमना घेऊन आला. मॅडम अजून दूर होत्या, पण इश्वरचा हळू आवाज पोचलाच.

“तसं काही नाही मॅडम. माही काकूच आहे. मागणी-बिगणी काही नाही तिची, जिद्दी आहे फक्त. भूक लागली का आपोआप उठते. या लोकायले काय, कोनी बसलं का सारे बसतात. आपन मंडपात जाऊ, मी पाच-सहा चांगलं बोलनाऱ्यायले बोलावतो.”

उठायला खुर्चीच्या हातांवर टेकलेले कौशल्याबाईंचे तळवे तसेच घट्ट झाले. सकाळपासून त्यांना राग आला होता, चिडचिड झाली होती, भूक तर लागलीच होती. पण हे वेगळं होतं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. सुलोचना मान खाली घालून चटईची काडी मोडत होती. मागं स्वाती येऊन उभी होती, हाताला पीठ तसंच. भूक लागली की आपोआप उठते. म्हणजे ढोरं आणि आम्ही, हिशेब एकच.

त्या परत टेकून बसल्या.

“इश्वर,” त्या म्हणाल्या, “सकाळपासून मी उपोषणाले नोहती बसली. आता बसली. जाय, सांग साऱ्यायले.”

मोनूनं मोबाइल वर उचलला आणि पुन्हा खाली घेतला. ही बातमी तर त्यानं सकाळीच दिली होती.

टीना मॅडम पुढं आल्या. तरुण होत्या, घामाघूम झाल्या होत्या, आणि त्यांच्या हातात अजून ती रंगीत कार्डं होती. “मावशी, आम्ही तुमचं ऐकायलाच आलो आहोत. तुमची जी अपेक्षा असेल ती सांगा, मी नोंद करून वर पाठवते.”

“वर म्हंजे कुठं जी?”

“म्हणजे... आमच्या कार्यालयात. मग ते संबंधित विभागाला...”

“मॅडम, तुमी लेकीसारख्या, तुमच्यावर राग नाही माहा. पन मले एक सांगा. तुमच्या आधी दोन झन ऐकून गेले. ते ऐकलेलं जाते कुठं? आमी बोललो ते आमच्यापाशी रायलं नाही, तुमच्यापाशी बी रायलं नाही. मधातच कुठं गायब झालं? बसचं सुलोचनानं पानावर लिहून देल्लं. तिची पोरगी घरी बसली, पान कुठं आहे?”

टीना मॅडमनी हातातली कार्डं पर्समध्ये ठेवली. मग त्यांनी चपला काढल्या, धानाच्या कडेनं सांभाळून आत आल्या आणि खुर्चीशेजारी खालीच बसल्या. “मग मी काय करू?”

“फोन लावा. आगारात. अठूनच.”

“माझ्या हातात नाही हो ते. त्यांनी नाही ऐकलं तर?”

“तर मंग तुमाले समजन, कसं वाटते ते.”

मॅडमना हसू आलं, आणि इश्वरला घाम फुटला. मॅडमनी दोन-तीन ठिकाणी विचारून आगारातल्या साहेबांचा नंबर मिळवला आणि फोन लावला. सुलोचनाबाई म्हणाल्या, “मोठ्यानं लावा जी, आमाले बी ऐकू द्या.” मॅडमनी स्पीकर सुरू केला. परसरामला काय वाटलं कोण जाणे, तो पळत जाऊन मंडपातला बिनवायरचा माईक घेऊन आला आणि फोनसमोर धरला. साहेबांचा आवाज शाळेमागच्या भोंग्यातून गावभर घुमला.

“हो हो, खैरटोला. पाहतो, पाहतो. प्रस्ताव पाठवा.”

कौशल्याबाई माईककडं वाकल्या. “पाहतो म्हंजे कवा पाहता जी?”

“कोण बोलतंय?”

“उपोषणवाली.”

पलीकडं कुणीतरी कुजबुजलं, “साहेब, ते मोबाइलवर चालू आहे सकाळपासून... बससाठी बसली म्हणून...” हेही भोंग्यातून सगळ्यांना ऐकू आलं. साहेब खाकरले. “रस्त्याची अडचण होती ना बाई. रपट्यावर पाणी आहे.”

“पानी!” साऱ्या मैदानातून एकदम आवाज उठला. सुलोचनाबाईंनी माईक ओढून घेतला. “साहेब, त्या रपट्यावर आता बकऱ्या बसतात! पानी पिवाले त्यायले दुसरीकडं न्यावं लागते!”

“बरं, बरं. मी माणूस पाठवतो. सोमवारपासून...”

“सोमवारपासून मानूस येते का बस येते?” कौशल्याबाईंनी विचारलं.

“बस, बस,” साहेब म्हणाले.

“‘बस’ म्हंजे बस येते का ‘बस, आता पुरे’?”

“बस येते हो बाई! सकाळची बस येते! तुम्ही जेवा!”

जो जल्लोष झाला, त्यात फोन कधी बंद झाला ते कोणालाच कळलं नाही. इश्वर लिंबूपाण्याचा ग्लास घेऊन पुढं सरसावला; उपोषण सोडवतानाचा फोटो आपला असावा, एवढी एकच आशा त्या दिवशी त्याच्यापाशी उरली होती. कौशल्याबाईंनी ग्लास एका घोटात रिकामा केला आणि म्हणाल्या, “रुपा, डबा.”

रुपानं सासऱ्यांकडं पाहिलं. बाबूलालनी आभाळाकडं पाहिलं. सुलोचनाबाईंच्या घरून स्वातीनं भाकरी आणि ठेचा आणला, आणि तो खाता खाता कौशल्याबाईंनी सहज हातानं धान उकरलं. वरचा थर खडखडीत वाळला होता. खालचा तसाच ओला. दिवसभराच्या गोंधळात धान फिरवायचं राहूनच गेलं होतं, आणि ऊन तर उतरणीला लागलेलं.

“चपला काढा!” त्या ओरडल्या. “सारे चपला काढा आन् धानात या! बस फुकट नाही भेटली, मेहनत करून फेडा!”

सगळं गाव धानात उतरलं. पायांनी रेघा ओढत इकडून तिकडं, तिकडून इकडं. टीना मॅडमही साडीचा काठ वर धरून फिरल्या. कुणी त्यांना बोअरच्या पाण्याचं सांगत होतं, कुणी अंगणवाडीच्या गळक्या छताचं, आणि एका म्हातारीनं दोन फेऱ्यांमध्ये आपल्या तिन्ही जावयांचं सांगितलं. मॅडम कधी थांबायच्या, विचारायच्या, पुन्हा चालायला लागायच्या. एकदा त्यांनी विचारलं, “इश्वरभाऊ, तुमची काय अपेक्षा?” पायाखालचं धान हलवत इश्वर फेरीच्या टोकाला जाऊन परत आला. मग म्हणाला, “मले बी तालुक्याले कोनी ऐकत नाही, मॅडम. छताचा अर्ज घेऊन जातो, बाहेर बसवून ठेवते.” कौशल्याबाईंनी ते ऐकलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदा त्यांना त्याची दया आली.

धान दुसऱ्या दिवशीच्या उन्हात पुरतं सुकलं आणि खरेदी केंद्रावर गेलं. सोमवारी बस आली नाही. कौशल्याबाई मंगळवारी सकाळी खुर्ची घेऊन रपट्यावर जाऊन बसल्या आणि मोनूला फोन केला. बुधवारी बस आली. पहिल्या फेरीला स्वाती सगळ्यांच्या आधी चढली आणि तिनं खिडकीतून आईला हात केला. सुलोचनाबाई बस वळून दिसेनाशी झाली तरी हात हलवत उभ्या होत्या.

पंधरवड्यानंतर इश्वर कौशल्याबाईंच्या दारात आला. ओट्यावर बसला, पाणी प्याला, हवापाण्याचं बोलला.

“काय काम आहे, सांग,” त्या म्हणाल्या.

“काकू, ते अंगणवाडीच्या छताचं... तू एक दिवस बसशीन का? तालुक्याले. ऑफिसासमोर.”

कौशल्याबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. “सरपंच कोन आहे?”

“मी.”

“मंग बसशीन तू. आमी येतो संगं.”

“उपाशी?”

“तू उपाशी. आमी जेवून.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बस खैरटोल्यात थांबली तेव्हा अकरा-बारा बाया सतरंज्या काखेत घेऊन उभ्या होत्या. त्या चढल्या आणि बस भरून गेली. सरपंचाला दांड्याला धरून उभं राहावं लागलं. एवढी गर्दी पाहून कंडक्टर चक्रावला.

“मावशी, लग्न आहे का कुठं? का कार्यक्रम? कोणी ऐकायला येऊन राहिलं?”

कौशल्याबाईंनी खिडकीची जागा धरली, पदर सारखा केला.

“आता वाट नाही पाहत जी कोनाची,” त्या म्हणाल्या. “आमचंच ऐकवाले जाऊन राहिलो.”